नवमीचं पान

१

सकाळी आठ वाजता जयमाला टाकीत काठी टाकायची. काठी किती भिजली यावर तिचा सगळा दिवस ठरायचा.

नगरपालिकेचा हा प्रकल्प गावाबाहेर, जालना रोड सोडून आत, जुन्या खदानीच्या कडेला होता. गावातला ओला कचरा घंटागाड्यांतून इथे यायचा. भाजीची देठं, शिळ्या भाकरी, मंगल कार्यालयात उरलेला मसालेभात, देवळातली फुलं, सगळं दळून एका लांबोडक्या बंद टाकीत ढकललं जायचं. तिथे ना हवा, ना उजेड. एका तोंडाने आत गेलेलं सरकत सरकत बरोबर तीस दिवसांनी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं. त्यातून निघणाऱ्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लागत, त्यामुळे कौतुक सगळं गॅसचं. पाहुणे आले की गॅस साठवायच्या फुग्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत. मागे उरायची ती काळपट, पातळ स्लरी. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. ती जयमालाच्या वाट्याला आलेली.

आणि जयमालाला त्या स्लरीचा भारी अभिमान. जयमाला काठी टाकायची ती जमिनीखालची दुसरी टाकी; स्लरी आधी तिच्यात उतरायची, तिथून पंपाने दाबयंत्रात चढायची. यंत्र तिला पिळायचं. चोथा एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. चोथा वाफ्यांवर वाळवला की खत तयार. पाणी तीन हौदांत निवळायचं, वाळू-कोळशातून गाळायचं आणि ड्रम भरायचे. पहिल्या वर्षी शेतकरी नाक दाबून पळाले होते. यंदा देऊळगाव राजाकडचे शेडनेटवाले, बियाण्यांचे प्लॉट करणारे, आपण होऊन विचारत आले. वसुबारसेला पहिला टँकर भरून द्यायचा ठरला होता. त्या टँकरच्या विचाराने जयमालाला रात्री झोप लागत नव्हती, आणि सकाळी उठायचा कंटाळाही येत नव्हता.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता पहिली पाळी थांबवताना काठीवर अडुसष्ट बोटं भरली. यंत्र बंद, पंप बंद, झडपा बंद. सगळे लिंबाखाली जेवायला बसले. एक वाजता दुसरी पाळी सुरू करायच्या आधी तिने नेहमीसारखी पुन्हा काठी टाकली.

चौसष्ट.

तिने काठी पुसली, परत टाकली. चौसष्टच. चार बोटं स्लरी म्हणजे काही वाटीभर नव्हे. ती कुठे गेली असेल ते तिला कळेना, आणि न कळणं हा तिचा स्वभाव नव्हता.

२

प्रसेनजित हा प्रकल्पाचा इंजिनियर. पंचविशीतला, मेहकरकडचा, हुशार आणि उतावळा. गळती आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. बिघाड सापडला की या पोराला सण असल्यासारखं व्हायचं.

"ताई, भिंतीले चीर गेली असंन. आज पकडतोच तिले," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने झडपांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे कुणी उघडली तर कळावं. टाकीभोवतीची माती खणून पाहिली. माती कोरडी ठणठणीत. मग तो काठी घेऊन टाकीपाशी बसला आणि दर अर्ध्या तासाने माप घेत राहिला. आठपासून बारापर्यंत पंपाने जेवढी उपसली तेवढीच स्लरी कमी झाली, बरोबर हिशेबात. बारानंतर पंप बंद असताना सहा बोटं गेली. एकनंतर पुन्हा सगळं हिशेबात.

"सुट्टी पाहून गळती होते काय?" प्रसेनजित स्वतःशीच म्हणाला. पट्ट्या जशाच्या तशा होत्या.

पंपाचं काम बघणारे अन्वरभाई हात पुसत आले. माणूस मोठा मिस्कील. "वर चढायले पंप नाई, खाली जायले रस्ता नाई," ते म्हणाले. "म्हणजे आतच कोनीतरी जेवून राह्यलं, साहेब."

सगळे हसले. जयमालाही हसली. टँकरला स्लरी कमी पडेल की काय एवढीच तिला धास्ती होती. ती यंत्राचा पट्टा ताणू लागली.

३

तिसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी ती एकटीच टाकीपाशी गेली. टाकीवर लोखंडी झाकण होतं. झाकणात काठीसाठी मुठीएवढं भोक, भोकाला लाकडी बूच. तिने बूच काढलं.

वास आला. स्लरीचा नव्हे. कढीचा, आणि तोही करपलेल्या मेथीदाण्यांच्या फोडणीचा.

तिच्या सासूबाई कढीच्या फोडणीत मेथी करपवायच्या. एकदा नाही, दरवेळी. सासरे चिडायचे, आणि त्या म्हणायच्या की त्याशिवाय कढीला चव नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर त्या घरात मेथी कुणी करपू दिली नव्हती. जयमालाने तर नाहीच. वास आला तशी ती झाकणापाशी खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिचं आईपेक्षा सासूशी जास्त जमायचं. भीती वाटायला हवी होती, पण तिला आनंद झाला होता. 

छातीवर अडकवलेला मीटर मात्र गप्प होता. टाकीत विषारी गॅस जमतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. तो जरा वाढला की मीटर किंचाळायचा. प्रसेनजितने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, हा गॅस आधी माणसाचं नाक मारतो, मग माणसाला. मीटरवर आकडा होता शून्य.

तिने प्रसेनजितला हाक मारली. त्याने वाकून वास घेतला. "स्लरी आहे," तो म्हणाला. अन्वरभाईंनाही स्लरीचाच वास आला. चोथा ओढणारे कारभारी काका आले. त्यांनी बराच वेळ नाक भोकाशी धरलं आणि मान हलवली.

"कायचा वास येऊन राह्यला तुमाले?" काकांनी विचारलं.

"सासूबाईच्या कढीचा," ती बोलून गेली.

कुणी हसलं नाही. प्रसेनजितने नवा मीटर आणला, जुन्याशेजारी धरला. दोन्हींवर शून्य. "वास डोक्यात तयार होतो, ताई," तो समजुतीने म्हणाला. "थकवा असंन. उद्या मास्क लावा."

कारभारी काका तिथेच उभे होते. "तुमच्या सासूची तिथ कोनती?" त्यांनी हळूच विचारलं.

"तृतीया."

"आज तृतीयाच हाय," काका म्हणाले आणि चोथ्याच्या गाड्याकडे निघून गेले.

४

जयमालाने घरी जाऊन कॅलेंडर काढलं. पितृपक्षातल्या तृतीयेला तिने सासूबाईंचं पान वाढलं होतं आणि गच्चीवर ठेवलं होतं. गावात आता कावळे आहेतच कुठे? अर्धा तास वाट पाहिली, मग घंटागाडीचं गाणं ऐकू आलं तसं तिने ते पान उचललं आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. न शिवलेलं. आत गेलेलं तीस दिवसांनी बाहेर येतं. तृतीयेचं तृतीयेला.

आणि हे तिने एकटीने केलं नव्हतं. यंदा पितृपक्ष लागण्याआधीच तिने वॉर्डातल्या बायकांना जमवून सांगितलं होतं की पितरांची पानं नदीत सोडू नका, गाईपुढे प्लास्टिकसकट ठेवू नका, सरळ ओल्या डब्यात टाका, त्याचं सोनं होतं. बायकांनी ऐकलं. पंधरा दिवस गावभरची पानं, खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, ज्यांच्यासाठी वाढली त्यांनी न शिवलेली, थेट तिच्या टाकीकडे येत होती. तिने कॅलेंडर मिटून ठेवलं. योगायोग म्हणतात तो हाच, असं तिने स्वतःला बजावलं, आणि ते तिला जवळजवळ पटलं.

संध्याकाळी पूनमचा फोन आला. पूनम ही कारभारी काकांची मुलगी, दुसरबीडला दिलेली.

"काकू, बाबानं मले फोन केला होता. म्हनत होते तुह्यी माय नवमीले येऊन राह्यली," पूनम म्हणाली.  "त्याईच्या डोक्याले काई झालं काय?"

पूनमची आई तानुबाई गेल्याला दीड वर्ष झालं होतं. छातीत कळ आली तेव्हा तिने शेजारच्या माणसाकडून प्रकल्पावर निरोप पाठवला होता. काका म्हणाले, एवढा गाडा रिकामा करतो अन् येतो. गाडा रिकामा करून गेले तोवर ती बोलायची थांबली होती. सवाष्ण गेली म्हणून तिचं पान अविधवा नवमीला. यंदा पहिल्यांदाच वाढलं. कावळा शिवेना, तेव्हा शेजारीण म्हणाली की हात जोडा, तिच्या मनातलं काय राह्यलं ते बोला, मग शिवते. काकांना शब्द सुचला नाही. तेही पान डब्यात गेलं.

"माह्या बाबाले त्या टाकीत उतरू देऊ नका," पूनम म्हणाली. "तेवढं एक करा, काकू. माय गेली, आता तेवढेच हायत मले."

"नाही उतरू देणार," जयमाला म्हणाली. असल्या टाकीत एक उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि पेपरात तिघांची नावं एका ओळीत येतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

५

पण खरं सांगायचं तर जयमाला त्या दिवसांत वेगळीच झाली होती. सकाळी लवकर आवरायची, चांगली साडी नेसायची, प्रकल्पाच्या रस्त्याला लागली की पाय आपोआप भरभर पडायचे. नवऱ्याने विचारलं, तिकडे काय लग्न आहे का? तिने टँकरचं कारण सांगितलं. टँकर होताच. पण बाराच्या ठोक्याला हातातलं काम टाकून ती टाकीकडे वळायची ती टँकरसाठी नव्हे.

वास तिला तृतीयेनंतर पुन्हा आला नाही. चतुर्थीला वाफ्यावरची एक बाई नाकाशी पदर धरून रडायला लागली, तिला तिच्या बापाच्या मटकीचा वास आला होता. पंचमीला घंटागाडीचा ड्रायव्हर तासभर झाकणापाशी बसून राहिला. जाताना त्याने झाकणाला हात लावून तो हात कपाळाला लावला. बाकीचेही आता जेवणाची सुट्टी टाकीच्या आसपासच काढायला लागले होते. हसत, खिदळत, एकमेकांना विचारत, आज कुणाची पाळी? जत्रेत असतो तसला उत्साह होता. प्रसेनजित तेवढा चिडलेला. त्याने स्लरीचे नमुने बाटल्यांत भरून तपासायला पाठवले. रिपोर्ट उत्तम आला. असा उत्तम की त्याला त्याचाही संशय आला.

स्लरी रोज बाराला उतरत होती. आठ बोटं, दहा बोटं, बारा.

षष्ठीला जयमालाने भोकाला कान लावला. आधी काहीच नाही. मग तिला कळलं की ही रिकामी शांतता नव्हे. पंगत बसते, पानं वाढून होतात आणि पहिला घास घ्यायच्या आधी एक क्षण सगळे गप्प होतात, तशी ती शांतता होती. माणसांनी भरलेली. मग पाण्याचा तांब्या कुठेतरी टेकला. मग कुणीतरी कढीचा भुरका मारला, सावकाश, समाधानाने.

ती मागे सरली. वायू आहे, बुडबुडे येतात, बुडबुड्यांचा आवाज असाच असतो, असं ती मनाशी म्हणत होती. माप तर घ्यायलाच हवं होतं. तिने काठी भोकातून आत सोडली. नेहमी तळाला लागली की ठक् आवाज येतो. आज ठक् झालं नाही. काठी मऊशा कशावर तरी टेकली, क्षणभर थांबली, आणि मग खालून कुणीतरी ती हळूच वर दिली. ढकलली नाही. चूल शिलगावताना आतली बाई फुंकणी परत हातात देते, तशी नीट धरून वर दिली.

काठी धुतलेली होती. पुसून कोरडी केलेली.

जयमाला ती काठी हातात घेऊन उभी राहिली. अंगावर सरसरून काटा आला होता, आणि ओठांवर हसू होतं. त्या हसण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त भीती वाटली.

सप्तमीला तिने प्रसेनजितला काठीचं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. "ताई, मले काई वास नाई येत, काई ऐकू नाई येत," तो म्हणाला. "आमच्या घरी पान वाढत नाईत. पन तुमी खोटं बोलत नाई हे मले समजते. एक काम करू, नवमीले काकाले इथं ठेवूच नका."

"दशमीला टाकी रिकामी करून धुऊन काढू," ती म्हणाली.

"हाव. पन नवमी आधी निघू द्या."

६

नवमीला सकाळी कारभारी काका दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून आले. डोक्याला तेल.  तिने यंत्राचा पट्टा फाटलाय अशी थाप मारली आणि काकांना अन्वरभाईंच्या मोटरसायकलवर बसवून देऊळगाव राजाला पिटाळलं. पट्टा बघून पारखून आणा, तीन दुकानं फिरा, घाई करू नका.

"बाराच्या आत येतो," काका म्हणाले.

"सावकाश या, काका."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. "बाई, मले फक्त इचारायचं हाय तिले," ते म्हणाले. "मी उशिरा आलो त्याचं काय ते." मग गपगुमान गाडीवर बसले, कारण अन्वरभाईंनी गाडी सुरू केली होती आणि काका कुणाला ताटकळत ठेवणारे नव्हते.

बाकीच्यांना तिने वाफ्यांवर जेवायला पाठवलं. प्रसेनजित फाटकाशी उभा राहिला, काका परत आलेच तर अडवायला. बारा वाजले. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. तिने कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं. किल्ली कमरेला होती. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि काका पंधरा किलोमीटर लांब होते. तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात टाकीत कुणीतरी खोकलं.

काकांचा खोकला. तंबाखूचा, दोनदा कोरडा आणि तिसऱ्यांदा ओला. दोन वर्षं रोज ऐकलेला.

"काका?" तिने हाक मारली.

पुन्हा खोकला. कोरडा, कोरडा, ओला.

कुलूप बंद आहे, माणूस आत जाणार कुठून, हे तिला कळत होतं. मागच्या बाजूला पाइपासाठी ठेवलेली फट आहे, माणूस वाळका असेल तर सरकेल, हेही कळत होतं. तिने काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अन्वरभाईंनी उचलला नाही, ते गाडीवर असणार. मग भोकातून वास आला, दूध आटल्याचा आणि त्यात सुंठ. खिरीत सुंठ घालणारी सगळ्या गावात एकटी तानुबाई. जयमालाने ती खीर खाल्ली होती, पूनमच्या लग्नात, दोन वाट्या.

आत माणूस असेल आणि मी झाकण उघडलं नाही, तर? हा एकच विचार तिच्या डोक्यात राहिला. मीटर बघितला. शून्य. उतरायचं नाही, नुसतं बघायचं, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. कुलूप काढलं. झाकण दोन्ही हातांनी उचललं.

उन्हाचा एक चौकोन आत पडला.

स्लरी नव्हती. सकाळी आठ वाजता ऐंशी बोटं मोजलेली स्लरी नव्हती. तळ कोरडा होता आणि सारवलेला होता, ताजा, बोटांचे फराटे दिसत होते. चौकोनाबाहेर अंधार, आणि त्या अंधारात बरीच माणसं नुकतीच उठून गेल्यासारखी ऊब. उजेडात दोन पत्रावळी मांडलेल्या. त्यांवरून वाफ निघत होती. आणि अंधारातून एक हात उजेडात आला, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्या भरलेला. हातात खिरीची वाटी होती. हाताने वाटी पत्रावळीशेजारी ठेवली. आणि तो हात, बोलावतात तसा, जराशी बोटं वाकवून, वर वळला.

काका आत नव्हते. एवढं तिने नीट पाहिलं.

७

"जयमालाबाई. ओ बाई."

ती झाकणाला पाठ टेकून बसली होती. झाकण लावलेलं होतं, कुलूप घातलेलं होतं, किल्ली कमरेला होती. समोर कारभारी काका उभे होते, हातात नवा पट्टा. मागे अन्वरभाई, आणि त्यांच्या मागे धावत आलेला प्रसेनजित.

"पहिल्याच दुकानात भेटला," अन्वरभाई ओशाळून म्हणाले. "काका ऐकत नव्हते."

"मी अडवत होतो, ताई," प्रसेनजित धापा टाकत म्हणाला. "तुम्ही इथं बसलेल्या दिसल्या अन् मीच धावलो. किती वेळ हाका मारल्या तुम्हाले."

तिने घड्याळ पाहिलं. बारा पन्नास. झाकण उचललं तेव्हा सव्वाबारा व्हायचे होते. छातीवर मीटर होता, मीटरवर शून्य होतं.

"काही नाही, ऊन लागलं," ती म्हणाली. "टाकी ठीक आहे. मी बघितली. आत कुणी नाही, काही नाही. स्लरी आहे नुसती."

हे बोलताना तिला फार बरं वाटलं. काका बाहेर होते, उन्हात, जिवंत, तेल लावलेले. पूनमला दिलेला शब्द तिने पाळला होता. नवमी टळली होती, उद्या टाकी धुऊन काढली की संपलं. तिने उठण्यासाठी काकांपुढे हात केला.

काकांनी हात धरला नाही. ते हाताकडे बघत राहिले. मग तिनेही बघितलं.

तिचा उजवा हात खरकटा होता. बोटांना भाताची शितं चिकटली होती, मनगटापर्यंत कढीचा ओघळ वाळला होता, नखांच्या कडांना खिरीची साय. तेव्हा तिला तोंडातली चव कळली. पोट तुडुंब भरलेलं कळलं.

काका खाली वाकले. त्यांनी तिच्या बोटांचा वास घेतला, एखाद्या लहान मुलाने घ्यावा तसा, डोळे मिटून.

"सुंठ," ते म्हणाले.

अन्वरभाई पुटपुटत दोन पावलं मागे गेले. प्रसेनजितने वाकून तिच्या मीटरवरचा आकडा पुन्हा पाहिला.

"काई बोलली का ती माह्यासाठी?" काकांनी विचारलं.

जयमालाला आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त वाढणारा हात, पुन्हा पुन्हा येणारा. "नाही काका," ती म्हणाली. "काहीच बोलली नाही. चला तुम्ही, उन्हात थांबू नका."

काकांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा पडला नाही. उलट शांत झाला, बरेच दिवस अडलेलं एखादं काम मार्गी लागल्यासारखा.

"पानं किती मांडली होती?" त्यांनी सहज विचारलं.

आणि जयमाला, जी आयुष्यभर मोजत आली, जिला आकडा विचारला की उत्तर आधी निघायचं आणि विचार मागून यायचा, बोलून गेली.

"दोन."

बोलल्याबरोबर तिने खरकट्या हातानेच स्वतःचं तोंड दाबलं. पण काकांनी ऐकलं होतं. तानुबाई गेल्यापासून पहिल्यांदा ते हसले, सगळा चेहरा भरून.

"एकावर तुम्ही जेवल्या," ते म्हणाले.

त्यांनी पट्टा अन्वरभाईंच्या हातात दिला. चपला काढून झाकणापाशी नीट जोडून ठेवल्या. मग नळाकडे गेले आणि सावकाश, कोपरापर्यंत, हात धुऊ लागले. जेवणाची सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती.